भानुदासकाकांची बडतर्फी

आता लपवून तरी काय करू? चौसाळ्यातल्या प्रत्येक पानटपरीवर हे सांगून झालंय, मग तुम्हीच का मागे राहावं?

बंगळुरूत पाच वर्षं कायदा शिकून मी गावी परतले ती कामगारांना न्याय मिळवून द्यायला. पण महिना झाला तरी अन्याय झालेला कामगार काही सापडेना.

आणि एका दुपारी भानुदासकाका दिसले. हायवेवरच्या धाब्यावर बारा वर्षं आचारी असलेला माणूस, घरच्या ओट्यावर बसलेला.

"काका, कामावर नाही गेलात?"

"शेठनं काढलं. डाळीत मीठ जास्त झालं म्हणं. उद्यापासून येऊ नको म्हणला."

"चौकशी केली का आधी?"

"केली की. चाखून बघितली."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. रात्रंदिवस खपून सात पानी नोटीस लिहिली: बेकायदा बडतर्फी, जादा तासांचा पगार, बारा वर्षांच्या रजा. सही करताना काका एवढंच म्हणाले, "पोरी, उद्याचा दिवस थांबलं तर?"

"अन्यायापुढे एक दिवससुद्धा थांबायचं नसतं, काका."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः धाब्यावर गेले. नामदेवशेठ मोटारसायकलला किक मारत होते. पळून चाललाय, मला वाटलं. गाडी अडवून नोटीस हातात ठेवली.

आठ दिवसांत त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, वर प्रतिदावाही. काकांनी धाब्याचा झारा घरी नेला, तो परत करावा. शिवाय शेठच्या जावयानं केलेली डाळ खाऊन ट्रकवाले पुढच्या धाब्यावर जायला लागले, ते नुकसानही काकांनीच भरून द्यावं.

मी तर खूश. "काका, शेठ घाबरलेत."

काकांनी तोंड फिरवलं. "आता तो काय मला बोलवत न्हाई, पोरी. या वयात दुसरीकडं कोण ठेवणार?"

बीडला कामगार अधिकाऱ्यांसमोर आम्ही बसलो. मी घसा साफ करतेय, तोवर साहेबांनी विचारलं, "शेठ, का काढलं यांना?"

"मी कुटं काढलं? दर वर्षी दोन-तीनदा म्हणतो येऊ नको. हा घरी रुसून बसतो. तिसऱ्या दिवशी मी गाडीवर आणायला जातो. बारा वर्षं असंच चाललंय. यंदाही निघालतो, तर या बाईनं वाटंतच कागद दिला."

"मीबी आंघोळ करून बसलतो," काका पुटपुटले.

"मग नोटिशीवर सही कामून केली रे?" शेठ काकांवर उखडले.

"लई जीव लावून लिहीत होती रे लेकरू. मला न्हाई म्हणवंना."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी फाईल तोंडापुढे धरली.

पाच मिनिटांत तडजोड झाली. झारा काकांचाच ठरला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलंय, तुम्हीच लिहा." शेठ आणि काका एकमेकांना विचारून मजकूर सांगत गेले, मी उतरवत गेले. मग दोघं एकाच मोटारसायकलवर बसून निघूनही गेले.

माझ्या वकिलीतला तो पहिला करार. त्यातलं पहिलं कलम असं: 'मालकाने कामगारास काढल्यास तीन दिवसांपर्यंत उभय पक्षांनी ही गोष्ट वकीलबाईंच्या कानावर जाऊ देऊ नये.'

खाली सही माझीच आहे.