दादांच्या कॉम्प्रेसरची तार

मंडळी, माझे मोठे भाऊ जाऊन एकवीस दिवस झाले. उद्यापासून त्यांचा मुलगा सुनील घरच्या शेडमध्ये स्प्रेचं रंगकाम सुरू करणार, म्हणून आज दादांचा एअर कॉम्प्रेसर तपासला.

नळीच्या प्रत्येक जोडाला तार पिळलेली होती. बहात्तरच्या दुष्काळात दादा सोसायटीच्या कॉम्प्रेसरवर विहिरी खोदायला जायचे. तिथं नळी आवळायला क्लॅम्प मिळत नसत, म्हणून तार बांधायचे. ती सवय शेवटपर्यंत राहिली.

लोहाऱ्यातला दुकानदार म्हणाला, "काका, ही हवा हाय, पाणी न्हाय. सुटली तर नळी माणसाला झोडपती." मी पितळी जोड आणि क्लॅम्प घेतले.

घरी पक्कड उचलली तर वहिनी आडव्या आल्या. "भावजी, त्यांच्या हातची गाठ हाय ती. इतक्या वर्षांत काय झालं व्हय?"

मी कॉम्प्रेसर चालू केला. दाबाचा काटा चढला तशी एका जोडातून बारीक शिट्टी आली आणि तार सरकू लागली. वहिनींनी तो जोड मुठीत घट्ट धरला.

मी लगेच बटण बंद केलं. त्यांनी मूठ सोडली नाही.

सकाळी सुनील हेच बटण दाबणार आहे. वहिनींना काय सांगू?