रिकाम्या गाडीची ट्रायल न घेणारे गजभियेजी

श्री. सदाशिवरावजी गजभिये यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. साठीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी संपादक मंडळाला विचारले. उत्तर आले, "लिहा जी, आमची सगळ्यांची तशीच झाली." म्हणून बिनधास्त लिहितो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी काटोलकडचा. जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून तिची पिकअप करून घेतली होती, आणि मागे ट्रॉली जोडून गावाची संत्री नागपूरच्या बाजारात पोचवायचा धंदा सुरू केला होता. धंदा कसला, तमाशा! काटोलहून येताना एक लांब चढ लागतो. त्या चढाने माझ्या इंजिनाचा पिस्टन दोनदा जाळला. दुसऱ्यांदा तर शेजारच्या गुलाबरावांचा माल ट्रॉलीत होता, आणि तो उन्हात तिथेच मऊ झाला. त्यानंतर गावात माझ्या गाडीत कोणी एक पेटी भरायला तयार होईना. घरून रोज एकच पालुपद ऐकू येई, "इकून टाका नं ते धूड!" गिऱ्हाईकही ठरले होते, एक वीटभट्टीवाला. नोकरी सोडून या धंद्यात पडलेला मी, गाडी गेल्यावर करणार काय होतो? रात्री झोप लागत नसे.

अशा अवस्थेत कोणीतरी कामठी रोडवरच्या गजभियेजींच्या, डिझेल इंजिनांचे पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या दुकानाचे नाव सांगितले. मी गेलो आणि ऐटीत म्हणालो, "पंप वाढवून द्या. ट्रॉली ओढत नाही."

चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "काहून वाढवू? आधीच वाढवलेला दिसून राहिला."

"वाढवल्याशिवाय ओढन कशी?"

"मंग दुसरीकडं जा. इंजिन जाळून देणारी दुकानं लय आहेत नागपुरात."

मी तडकलो. तेही तडकले. चहा आला तेव्हा दोघेही घसा बसेपर्यंत भांडलो होतो. माझ्या काट्यावर इंजिन कधी तापलेले दिसले नाही, हे मी छातीठोकपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "तो काटा पाण्याचं सांगते जी. धुराचं कोण सांगन? पिस्टन धुराच्या आगीनं जयते." आणि शेवटी हुकूम सुटला, "रिकामी गाडी मले दाखवू नका. रविवारी ट्रॉली भरा. मी येतो."

येथे थांबून त्यांच्या या स्वभावाविषयी सांगितले पाहिजे. त्या काळी पंप वाढवणे, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल सोडणे, हा आमच्या ड्रायव्हर लोकांचा रामबाण उपाय. गाडी काळा धूर सोडत उसळी घेते, मालक खूश, मेस्त्री खूश. इंजिन नंतर मरते. गजभियेजींनी हे काम कधीच केले नाही. एका बड्या ट्रकमालकाने दुकानासमोर उभे राहून त्यांना नको ते ऐकवले, यांनी पंप कोणी वाढवू नये म्हणून त्याला शिशाचे सील ठोकले आणि म्हणाले, "हे तोडून माह्याकडं येजा नका." तो गेला तो गेलाच. त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीचेही गेले. सिंधुताईंनी, म्हणजे वहिनींनी, त्या महिन्यात घर कसे चालवले ते त्यांनाच ठाऊक. पण त्या विषयावर त्यांच्या तोंडून एक तक्रार मी ऐकली नाही.

तर रविवारी गजभियेजी एसटीने काटोलला उतरले. हातात हत्यारांची पिशवी. माझी आणि भावाची संत्री ट्रॉलीत भरली होती. गावाच्या वतीने गुलाबराव स्वतः पेट्यांवर चढून बसले. त्यांनी बजावले, "मी डोयानं पाहीन. आज गाडी बसली, तं उद्या भट्टीवाल्याले बोलाव."

गजभियेजींनी इंजिनाजवळ, धूर बाहेर पडणाऱ्या नळीवर, तारेने दोन तुकडे बांधले. एक सीलच्या शिशाचा आणि एक टॉर्चच्या जुन्या सेलच्या जस्ताचा. शिसे लवकर वितळते, जस्ताला त्याहून जास्त आग लागते; जस्तही वितळले तर पिस्टनची धडगत नाही. एवढेच त्यांचे थर्मामीटर! मग म्हणाले, "आता तुमच्या रीतीनं चालवा."

माझी रीत म्हणजे तिसरा गिअर आणि पाय तळाला. चढावर गिअर खाली टाकणे म्हणजे आमच्यात नाक कापून घेणे होते. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकू लागली तसे त्यांनी थांबवले. बॉनेट उघडले. दोन्ही तुकडे गायब, तारा नुसत्या लोंबत होत्या. गुलाबराव वरून ओरडले, "झालं काय गा? मी उतरू?"

"बसा जी निवांत," म्हणत गजभियेजींनी हवेच्या फिल्टरला हात घातला आणि तिथून एक दुपदरी फडके ओढून काढले. बागेची धूळ आत जाऊ नये म्हणून आमच्याकडे सगळेच बांधत.

"हे काय आहे?"

"लुगडं."

"कोणाचं?"

"घरच्यांचं."

"मंग घरी न्या नं बाप्पा! इंजिनाचं नाक दाबून त्याले धावाले सांगता? डिझेल दुप्पट, हवा अर्धी. जयन नाही तं काय होईन?"

गुलाबराव हसता हसता पेट्यांवरून पडायचे राहिले.

झाडाखाली इंजिन निवू दिले. त्यांनी पंप कमी केला. सायलेन्सरची नळी चेपून अरुंद झाली होती, ती त्या दिवसापुरती उतरवून ठेवली. नवे तुकडे बांधले. गाडी वळवून आम्ही पुन्हा चढाच्या पायथ्याशी आलो. मग त्यांनी चढ सुरू व्हायच्या आधीच मला दुसरा गिअर टाकायला लावला. "इंजिन मोकळं फिरू द्या. पाय अर्धाच. घाई करसान तं मी उतरून जाईन."

काय सांगू त्या चढाचे! नळी काढल्याने आवाज सगळ्या मुलखाला ऐकू जावा असा, आणि वेग बैलगाडीचा. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत पुढे जात होते. एक सायकलवाला बराच वेळ आमच्या सोबतीने चढला आणि आपुलकीने विचारता झाला, "धक्का देऊ काय जी?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाय दाबायला शिवशिवत होता. गजभियेजी समोर पाहत शांत बसले होते. त्यांच्याकडे पाहून मी पाय आवरला.

माथ्यावर बॉनेट उघडले. शिसे वितळले होते. जस्त जागच्या जागी होते, कोपरेसुद्धा शाबूत.

वडीलधाऱ्याच्या मायेने त्यांनी पुढेही आमच्याकडे पाहिले. माझी मुलगी मॅट्रिकला बसली तेव्हा परीक्षेभर त्यांच्या घरी राहिली. दुकान उशिरा उघडून ते तिला रोज केंद्रावर पोचवत. आज ती शिक्षिका आहे आणि ग्रंथातला हा लेख तिनेच शुद्धलेखन तपासून दिला आहे. काटोल रस्त्यावर आता माझ्या दोन गाड्या धावतात, दोन्हींच्या पंपांवर गजभियेजींचे सील आहे.

गजभियेजी, साठी झाली म्हणून मुलांनी दुकान सोडा म्हटले तर ऐकू नका. प्रकृतीला मात्र जपा, डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलू नका, आणि वहिनींसह खूप खूप वर्षे आमच्यात राहा, आम्हाला असेच रागवत राहा.

त्या दिवशी माथ्यावर गुलाबराव पेट्यांवरून खाली उतरले. जस्ताचा तो तुकडा त्यांनी बराच वेळ वाकून पाहिला. माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "भट्टीवाल्याले सांग, गाडी खाली नाही. उद्या माहा माल भरायचा आहे."