निळ्या पेटीतले मास्क

डॉक्टरबाईंनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, आता तुम्हालाही कॉट घ्यावी लागेल."

त्या टीबीच्या दवाखान्यात मी आजारी म्हणून आले नव्हते. माझी सून मंगल तिथे होती. तिला साधा टीबी नव्हता. डॉक्टरबाई त्याला रेझिस्टंट म्हणत. म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. मुलगा पाथर्डीच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेला, म्हणून सुनेजवळ मी. आमच्यावर ही वेळ आली, तशी आणखी कुणावर येईल. म्हणून लिहिते.

नगरच्या बाहेर माळावर दवाखाना होता. नळाला पाणी एक दिवसाआड. वॉर्डात शिरताना तोंडाला मास्क लावायचा. तो कापडी नव्हता. वाटीसारखा कडक होता, परदेशातून दान आलेला. धुतला तर खराब व्हायचा. मास्क मोजकेच होते, त्यामुळे अमक्याचा हा, तमक्याचा तो, असं काही नव्हतं. पेशंट एक्स-रेला निघाला की त्याच्या तोंडावर तोच, आणि आमच्या तोंडावर तोच. वापरलेले मास्क एका पत्र्याच्या पेटीत तारेवर टांगायचे. पेटीच्या मागच्या बाजूला निळी ट्यूब होती. ती लावली की जंतू मरतात, असं आम्हाला सांगितलं होतं. पेटीतून निघेल तो मास्क आम्ही बिनघोर तोंडाला लावायचो.

पेटी सांभाळायची कौसाबाई. ती वॉर्डातली मावशी, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मी मास्क लावून बोलायला लागले की म्हणायची, "सरू, मुसकं बांधलंय तरी तुजं तोंड थांबत न्हाई बग."

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्याच्यावर पोट चालतं त्या वस्तूची पूजा करायची आमच्याकडे रीत आहे. घरी कोयते पुजतात. वॉर्डात कौसाबाईने वजनकाटा पुजला, सुया उकळायचं भांडं पुजलं आणि पेटी पुजली. पेटीच्या आत हात घालून थेट ट्यूबलाच हळद-कुंकवाची बोटं ओढली. सिस्टर चिडल्या. "मावशी, नळी खराब झाली तर दुसरी कुठून आणू?"

कौसाबाईने ट्यूब पुसली. मग घरी देव्हाऱ्याला असते तशी एक काच फोटो फ्रेमवाल्याकडून कापून आणली आणि ट्यूबच्या पुढे घट्ट बसवून घेतली. पुढच्या वर्षी कुंकू काचेला लागेल, धूळही बसणार नाही. "आता देव बी खूश अन् सिस्टर बी खूश," असं ती म्हणाली. सिस्टरनीही चांगलं म्हटलं. काचेतून निळा उजेड आणखी देखणा दिसायचा.

थंडीत मला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. कौसाबाईला माझ्याआधीच लागला होता, पण ती बोलली नव्हती. दोघींचे बेडके कल्चरला गेले. कल्चर म्हणजे बेडका पेरायचा आणि त्यातून जंतू उगवतात का ते पाहायचं. त्याला कित्येक आठवडे लागतात. उत्तर आलं. दोघींचा टीबी मंगलसारखाच होता, दाद न देणारा.

डॉक्टरबाईंना चैन पडेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी तर मास्क कधीच काढत नव्हता." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुण्याहून एक यंत्र मागून आणलं. तळहाताएवढी डबी, तिला एक गोल डोळा आणि वर काटा. मी व्हरांड्यात बसले होते. त्यांनी पेटीत मास्क टांगतात तिथे ती डबी लटकवली, ट्यूब लावली आणि काळा चष्मा घालून वाकून पाहिलं.

काटा जागचा हलला नाही.

त्यांनी ट्यूब विझवून काच काढली आणि ट्यूब परत लावली. काटा चढला. काच मध्ये धरली, काटा पडला.

त्यांनी मला सांगितलं ते असं. जंतू मारतो तो अल्ट्राव्हायोलेट प्रकाश. तो डोळ्यांना दिसत नाही. निळं दिसतं ते नुसतं त्याच्याबरोबर येतं. साधी काच निळं जाऊ देते आणि मारणारं अडवते. मास्कवर हा प्रकाश किती जोराचा पडतो आणि किती वेळ पडतो, ते दोन्ही मिळून डोस. मला ते भाकरीसारखं वाटलं. जाळ मंद असला तर तवा जास्त वेळ ठेवावा लागतो, आणि जाळच नसेल तर दिवसभर ठेवून काय उपयोग? मग त्यांनी डबी मास्कच्या मागच्या, ट्यूबकडे नसलेल्या अंगाला धरली. काच नसतानाही तिथे काटा जेमतेम उठला, कारण मास्कची स्वतःचीच सावली पडत होती. म्हणजे मागची बाजू आधीपासूनच कच्ची राहत होती.

"मग आम्हाला मास्कमुळेच झालं?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही, आजी. वॉर्डातल्या हवेतूनही होतो. सुनेकडूनही झाला असेल. पण कौसामावशींना आत्ता काही बोलू नका. त्या नीट खात नाहीत, त्यांचा धीर सुटेल."

कौसाबाई तेव्हा पलीकडच्या कॉटवर होती, नाकात ऑक्सिजनची नळी. दुपारी मी तिच्याजवळ गेले.

"सरू, बाई पेटीत काय बगत हुत्या?"

"सिस्टरला विचार."

"इचारलं. ती म्हनली, मशीन चेक केलं. वॉर्डबॉयला इचारलं, त्यो बी त्येच म्हनला, अन् खाली बगितलं. तू सांग."

मी सांगितलं. काच, काटा, सगळं.

ती म्हणाली, "म्हंजी मीच की."

"काच तू बसवलीस. मोजलं कुणीच नव्हतं."

"काडली का काच?"

"काढली."

"बरं झालं," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने अंडं बाजूला सारलं. त्यानंतर पेज तेवढी घ्यायची. होळीच्या आधी गेली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "त्यांची फुप्फुसं संपली होती, तुमच्या बोलण्याने काही झालं नाही." मी त्यांना विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, म्हणूनच मला शंका येते.

माझं औषध दीड वर्षाच्या वर चाललं. इंजेक्शनांनी उजवा कान गेला. त्यात रातकिड्यासारखा आवाज असतो, तो थांबत नाही. मंगलही बरी झाली. मिठाईच्या दुकानात माशा मारायची निळी नळी असते, तिच्यासमोर मला उभं राहवत नाही. पेढे घ्यायला मंगल आत जाते आणि मी रस्त्यावर थांबते.

डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. यंत्र आणलं नसतं तर त्या काचेला दरवर्षी कुंकू लागलं असतं. तुमचं माणूस अशा दवाखान्यात असलं आणि तिथे असे मास्क परत वापरत असले, तर उजेड बघून परत येऊ नका. त्या उजेडात डोळे घालायचेही नसतात. विचारा की शेवटचं कधी मोजलं, मास्क टांगतात तिथेच मोजलं का, दोन्ही अंगांनी मोजलं का. ट्यूब जुनी झाली की तिचा जोर जातो आणि निळेपणा राहतो, हेही मला नंतर कळलं. हसतील तर हसू देत.

मंगल अजून म्हणते, "आत्याबाई, तेवढं एक खोटं बोलायचं हुतं तुमी."

बोललेही असते. पण कौसाबाईने दोघांकडून खोटं ऐकून मग मला विचारलं होतं. मी तिसरी झाले असते, तर ती चौथ्या कुणाला विचारणार होती?