मास्तरांचा मासा

तोकुजी गेला नोव्हेंबरात, आणि त्याची बायको हिसाए रडली नाही. ही बातमी आमच्या यामातोकोरियामात आठवड्याभरात घरोघर पोचली. गाव सोनमाशांचं, जपानभर त्यासाठीच ओळखलं जाणारं, आणि मासे पाळणाऱ्यांना पाण्याकडे बघत दुसऱ्यांच्या घरचं बोलायला वेळच वेळ. कोणी म्हणालं बाई खंबीर आहे, कोणी म्हणालं बाई दगड आहे. मोज्यांच्या कारखान्यात तिच्या शेजारी बसणारी माकिए तर तोंडावरच म्हणाली, "अगं, थोडं रडून घे की. लोकांनाही बरं वाटेल."

"येत नाही गं," हिसाए म्हणाली, आणि पुढचा मोजा उलटा करून पंज्याची शिवण बघायला लागली.

खरंच येत नव्हतं, त्यात ढोंग काही नव्हतं. सकाळी चहात शिजवलेली पेज ती खायची आणि तिला चव म्हणून लागायची नाही. आंघोळीचं पाणी कढत आहे हे कातडी लाल झालेली दिसली की कळायचं. मुलगी सेंदाईहून फोन करायची, "आई, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." वाईट तरी कुठे काय वाटत होतं!

तोकुजी दिवसा नगरपालिकेसाठी पाण्याचे मीटर वाचायचा आणि उरलेला सगळा जन्म त्याने रांचू जातीच्या सोनमाशांना वाहिला होता. पाठीवर पर नाही, डोक्यावर दाणेदार टोपी, चालणं पोट सुटलेल्या पैलवानाचं. मागच्या अंगणात सिमेंटचे चार उथळ हौद होते आणि कोपऱ्यात सामानाची शेड. हिसाएला त्यांचा उबग आला होता. "लग्न माझ्याशी केलंस की हौदाशी?" असं ती विचारायची, आणि तो म्हणायचा, "हौदाशीच करणार होतो, पण त्याला भात शिजवता येत नाही." तीस वर्षांत तिने त्या पाण्यात बोट घातलं नव्हतं. माशांच्या कारभारात तिचं काम एकच. तोकुजीचे गुरू कुसुमोतो मास्तर आले की चहा करायचा, आणि ते निघाले की फाटकापर्यंत जाऊन, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत कमरेत वाकून उभं राहायचं.

तोकुजीच्या मागे त्याच्या रांचू मंडळातल्या लोकांनी लहान मासे वाटून नेले. मोठ्या हौदात, थंडीच्या हिरव्या पाण्याखाली, तीन माद्या तेवढ्या राहिल्या. बावीस वर्षं जपलेल्या वाणाच्या त्या शेवटच्या होत्या. त्यांच्यासोबतचे दोन्ही नर त्याच हिवाळ्यात मेले.

मार्च संपता संपता कुसुमोतो मास्तर आले. वय चौऱ्याऐंशी, गाडी अजून स्वतः चालवतात, आणि कशी चालवतात ते विचारू नका. हातात फुगलेली पिशवी, तिच्यात एक नर.

"वहिनी," ते म्हणाले, "या तिघींची अंडी यंदा मिळाली तर तोकुजीचा वाण राहील. पुढच्या वर्षी या म्हाताऱ्या होतील. मग संपलं."

"बरं," हिसाए म्हणाली. कपाट जरा सरकवा म्हटल्यावर म्हणावं, तसं.

आता आमच्याकडची रीत अशी, की बाहेरून आलेला कोणताही मासा तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. पण गुरूच्या माशाला ते चालत नाही. गुरूच्या देखत पिशवी सरळ मोठ्या हौदात, आतबाहेरच्या पाण्याची ऊब जुळायला अर्धा तास, तरंगत ठेवायची आणि वाकून नमस्कार करायचा. वेगळं ठेवणं म्हणजे 'तुमच्या घरचं पाणी घाण आहे' असं तोंडावर सांगणं. तोकुजीला हे करताना हिसाएने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीस वर्षं बघितलं होतं. तिने तस्संच केलं. पिशवी तरंगत ठेवली, नमस्कार केला, चहा दिला. मास्तर नेहमीसारखे अर्धा कप ठेवून उठले. ती फाटकाशी वाकून उभी राहिली. गाडी वळल्यावर परत आली, अर्धा तास झाल्याचं घड्याळात बघितलं, हौदातच पिशवी उघडली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

नवव्या दिवशी मासे तळाला अंग घासायला लागले. दहाव्या दिवशी एका मादीच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले, चिमूटभर मीठ भुरभुरावं तसे. हिसाएला वाटलं, कसलं तरी पीठ पडलं असेल. बाराव्या दिवशी चारही माशांच्या अंगावर मीठ होतं. तेव्हा कुठे तिने फोन केला.

मास्तर आले आणि हौदावर ओणवे झाले.

"पांढरे ठिपके," ते म्हणाले. "माझ्याच माशाबरोबर आले. वहिनी, तू वेगळा नाही ठेवलास?"

"तुमचा मासा? वेगळा कसा ठेवणार?"

"अगं, तोकुजी ठेवायचा की!"

"पिशवी हौदातच ठेवायचा तो. मी बघायचे की खिडकीतून," हिसाए म्हणाली.

"पिशवी हौदात तरंगतेय तोवर हौदाला काय होतंय? पिशवी बंद असते. म्हणून तर मी चहा अर्धा टाकून उठायचो, अर्धा तास व्हायच्या आत. मी गाडी सुरू करायचो, हळू न्यायचो आणि आरशात बघायचो. तू फाटकात वाकलेली. आणि तुझ्यामागे, घराच्या बाजूच्या बोळातून दिसायचं, तोकुजी पिशवी छातीशी धरून पळतोय शेडकडे, चपला फटाफटा वाजवत." मास्तर हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मीही माझ्या गुरूंच्या माशाचं हेच करायचो. सगळेच करतात. सांगत कोणी नाही."

"मला तरी सांगायचं होतंत."

"कसं सांगणार? माझा मासा बाजूला ठेव, असं मीच म्हणू? वाटलं, तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिलीस, तुला माहीतच असेल."

हिसाएला वाटलं, आता राग यायला हवा. आला नाही. ती शेडमागे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच गेली. तिथे एक निळा टब पालथा घातलेला, शेजारी बुटकं स्टूल, आणि टबाच्या कडेला तोकुजीच्या मीटर वाचणाऱ्या नीटस अक्षरात लिहिलेलं: 'मास्तरांचा मासा'. ती ते वाचून परत आली.

"काय करायचं सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी सांगितलं आणि तिने केलं. शंभर लिटरचा टब पडवीत, त्यात अर्धा किलो मीठ. हीटर लावून ऊब हळूहळू, दोन दिवसांत अठ्ठावीस अंशांपर्यंत. निळं औषध मापाने. उजेडात औषध मरतं, म्हणून वर गोधडी. खाणं बंद. रोज सकाळी तळ नळीने ओढून काढायचा आणि तेवढंच पाणी, तेवढंच ऊन, तेवढंच खारट, परत भरायचं.

"हा किडा कातडीखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही," मास्तर म्हणाले. "पिकला की गळतो, तळाशी बसतो, फुटतो, एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत सुटतात. त्या सुटलेल्या वेळात सापडतो काय तो. ऊब दिली की त्याची घाई होते. आणि हे बघ, ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं समजू नकोस. ते गेलेले नसतात, तळाशी बसलेले असतात. हात घाल पाण्यात. कसं लागतंय?"

तिने हात घातला. "कळत नाही."

"कळत नाही म्हणजे?"

"काहीच कळत नाही मास्तर. नोव्हेंबरपासून."

मास्तरांनी खिशातून थर्मामीटर काढून तिच्या हातात दिलं.

तिने कारखान्यातून रजा घेतली. माकिएने फोनवरच सुनावलं, "नवऱ्याला तीन दिवस आणि माशाला दोन आठवडे? कमाल आहे बाई तुझी!" हिसाए म्हणाली, "माशाचं काहीतरी करता येतंय ना." बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच ते नवीन वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा नर गेला. चौथ्या दिवशी एक मादी, सहाव्या दिवशी दुसरी. अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाखाली तिने तिघांना पुरलं आणि हात धुऊन थर्मामीटर बघितलं. उरलेल्या मादीचे ठिपके सातव्या दिवशी नाहीसे झाले. एखादीने हुश्श केलं असतं आणि गोधडी काढली असती. हिसाएने तळ ओढला, पाणी भरलं, औषध मोजलं. पुढचा आठवडाभर, एकही ठिपका नसताना, ती रोज तेच करत राहिली. पंधराव्या दिवशी मादीने तळाशी टाकलेला गांडुळाचा बारीक तुकडा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि गिळला.

एप्रिलच्या शेवटी ती मादी घासून उन्हात वाळवलेल्या मोठ्या हौदात परत गेली, आणि मास्तर दुसरा नर घेऊन आले. अंडी घालायचे दिवस आणखी महिनाभर होते. तीन आठवडे त्यात बसत होते, जेमतेम.

कोणी कशाचा उल्लेख केला नाही. हिसाएने पिशवी मोठ्या हौदात तरंगत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. चहा दिला. मास्तरांनी अर्धा कप ठेवला.

"येतो वहिनी," गाडीत बसताना ते म्हणाले, आणि मग काच खाली करून, "आज आरशात बघणार नाही हं."

"बघून रस्त्यावर लक्ष राहणार आहे का तुमचं?" हिसाए म्हणाली.

ती वाकली. गाडी हळूहळू गेली, इतकी हळू की मागची सायकलवाली ओरडली. गाडी वळल्याचा आवाज आला तशी हिसाए ताठ झाली, वळली आणि पळाली. एकसष्ट वर्षांची बाई, चपला फटाफटा वाजवत बोळातून अंगणात. तिने हौदातली पिशवी उचलून छातीशी धरली आणि शेडमागे धावली. पिशवीला लागलेलं हौदाचं पाणी ब्लाउजमधून आत झिरपलं.

गार लागलं. चांगलंच गार, श्वास अडकला.

टब तिने सकाळीच भरून ठेवला होता. पिशवी त्यात ठेवून ती तशीच उभी राहिली. तिथून बोळाच्या टोकाला फाटक सरळ दिसत होतं, आणि ती स्वतः जिथे वाकायची ती जागाही.

"लबाडा," ती म्हणाली. "दर वेळी बघत होतास तू मला इथून."

टबातल्या पाण्याला पिशवी सरावेपर्यंत ती उघडायची नव्हती, अजून वीसेक मिनिटं. हिसाए स्टुलावर बसली आणि ती वीस मिनिटं रडली.