सैल स्टिअरिंग आणि कालव्याची वाट

ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात माल संपतो, किस्से संपत नाहीत. बारामती-इंदापूर रस्त्यावर माझं दुकान आहे. गिऱ्हाईक एक नट घ्यायला येतं आणि त्या नटापायी जीव कसा घशाशी आला होता ते सांगून जातं. चहा माझा, भीती त्याची! इंजिन बंद पडलं तर माणूस चिडतो. स्टिअरिंगनं दगा दिला की त्याच माणसाचा आवाज बदलतो. तो बदललेला आवाज मी दुकानात शिरल्या शिरल्या ओळखतो.

*

शेजारीच हमीदभाईंचं गॅरेज. त्यांच्याकडं विलासतात्या आले. तात्या इंदापूरकडचे डाळिंबवाले. छोटा ट्रॅक्टर, मागं फवारणीची टाकी. बागेत जायला वाट एकच, कालव्याच्या भरावावरून. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला पाणी. ट्रॅक्टर चालवते त्यांची सून स्वाती. तात्या मडगार्डवर बसून हुकूम सोडतात.

हमीदभाईंनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. पाव फेरा झाला तरी पुढची चाकं जागची हलेनात. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा बॉल जॉइंट पार झिजलेला.

"तात्या, जॉइंट बदला."

"कशाला? किती हलकं फिरतंय बघा! हाताला तरास न्हाय."

"हाताला नसंल. पण तुमचा हात वळून माघारी आला तरी चाकाला बातमी लागत न्हाय!"

तात्या हसले, मीही हसलो. हमीदभाई हसले नाहीत. ते हसत नाहीत तेव्हा मी तो पार्ट आधीच काढून ठेवतो.

*

आता लिंबाचं ऐका. अवसेला ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधायची आपल्याकडं रीतच आहे. एक पाहुणे ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणाले, "पुढनं खुळखुळ वाजतंय."

हमीदभाई खाली वाकले आणि तसेच राहिले. मला हाक मारली, "शेठ, या. हात लावू नका, नुसतं बघा."

जॉइंटचा नट सुटत सुटत शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. नट फिरू नये म्हणून त्यात जी पिन असते, ती गायब. आणि वर पुढच्या जाळीला ताजं लिंबू-मिरची डुलत होतं. कशाला अडकवलं होतं? त्याच पिनेला!

पाहुणे म्हणाले, "तार सापडंना. ही पिन रिकामीच दिसली."

हमीदभाई म्हणाले, "नजर तुमच्या ट्रॅक्टरला न्हाय लागली पाव्हणं. तुमच्या ट्रॅक्टरची नजर तुमच्यावर हाय!"

*

सुप्याकडचा एक जण. कोरडवाहू रान, धूळ मरणाची. पुढच्या ॲक्सलला ग्रीस मारायचं म्हटलं की "पाऊस झाल्यावर बघू." पावसाचा आणि ग्रीसचा काय संबंध, देव जाणे!

एक दिवस अंगणात ट्रॅक्टर वळवायला घेतला आणि चाकं उजवीकडं वळून जाम झाली. ट्रॅक्टर गोल फिरायला लागला. अंगणाच्या मधोमध बाजेवर त्याचे वडील, आबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उठता येईना. भीतीनं ह्याचा पाय ब्रेकवर जाईना. नुसता तोंडानं ओरडतोय, "हो! हो!" बैलाला ओरडतात तसं! दर फेऱ्याला ट्रॉलीचा हूक बाजेच्या खुराला घासून जातोय.

शेवटी आबा बाजेवरनं गरजले, "आरं, त्येला कान न्हाईत! तुला पाय हाईत!"

तेव्हा कुठं ब्रेक लागला. गडी माझ्याकडं आला तो पांढराफटक. ग्रीसगन मागितली. वापरायची कशी, हेही विचारलं.

*

सोमेश्वरनगरकडं कारखाना सुरू झाला की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. त्या गर्दीतून छोटा ट्रॅक्टर दामटणारा एक पोरगेला शेतकरी आला. चाकांची बेअरिंग गेलेली, चाकं लडबडत होती. मी बेअरिंग काढून समोर ठेवली.

"ती नको. हॉर्न द्या, सगळ्यात मोठा."

"अरे, चाकं थरथरतायत आणि हॉर्न काय करायचाय?"

"मला वळता येत न्हाय म्हणल्यावर दुसऱ्यानं वळाय नको?"

हॉर्न दिला नाही. बेअरिंग गळ्यात मारली. त्या दिवशी मी रस्त्यानं घरी जाताना मागं वळून वळून बघत होतो.

*

एकदा स्वाती एकटीच दुकानात आली. पदर सावरत हळूच म्हणाली, "काका, मामंजी जॉइंट बदलू देत न्हाईत. 'अजून चालतोय' म्हणत्यात. किती सैल झाला म्हंजे सुटतो?"

मी हमीदभाईंना बोलावलं.

"ताई, त्यो सुटायच्या आधी सांगत न्हाय," ते म्हणाले. "एक करा. डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक जोडणारी कडी असती ना, ती कालव्यानं जाताना काढून ठेवा. स्टिअरिंग गेलं तर एकाच बाजूचा ब्रेक दाबा. ट्रॅक्टर त्या बाजूला वळंल."

तिनं ती कडी कशी काढायची ते विचारून घेतलं. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी कुणाचा ते बघायचो.

*

आणि एका सकाळी फोन वाजलाच. स्वातीचा.

"काका, सुटला."

माणसं आणि ट्रॅक्टर आज धडधाकट आहेत म्हणून हे सांगवतं. हमीदभाईंना मोटारसायकलवर मागं घेतलं, नवा जॉइंट खिशात टाकला आणि निघालो. भरावावर तात्या आणि चार-पाच माणसं उभी. पोरीनं उजवा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवला होता, तरी पुढचं डावं चाक काठाबाहेर लोंबत होतं. खाली कालवा तुडुंब. टाकी औषधानं भरलेली, आणि ती तिथं रिकामी करता येईना, खालची गावं तेच पाणी पितात.

मागच्या चाकांना धोंडे लावले. हमीदभाईंनी काठावर पालथं पडून जॉइंट बसवला. पिन घातली, वाकवली. घामानं त्यांची पाठ भिजली होती.

आता ट्रॅक्टर मागं घ्यायचा. पण त्याआधी हमीदभाईंचा नियम: स्टिअरिंगचं काम झालं की मालकानं पुढं उभं राहून दोन्ही चाकं वळतात का ते बघायचं. इथं पुढं म्हणजे कालव्याच्या निसरड्या उतारावर, लोंबत्या चाकाखाली!

सगळे तात्यांकडं बघायला लागले.

"मला कसली भीती?" तात्या म्हणाले. त्यांच्या कमरेला कासरा बांधला, तो बाभळीला गुंडाळून आम्ही तिघांनी धरला. तात्या उतरले. पायाखाली पाणी, डोक्यावर ट्रॅक्टर. कासरा आमच्या हातात थरथरत होता. आम्ही तर हलत नव्हतो!

स्वाती सीटवर चढली. इंजिन चालू केलं. ब्रेक गच्च दाबून धरला.

"मामंजी, चाकं बघताय न्हवं?"

"व्हय व्हय!" खालून आवाज आला. "वळत्यात! डावं वळतंय, उजवं बी वळतंय! झ्याक वळत्यात! घे मागं, पोरी!"

स्वातीनं वरून वाकून पाहिलं. तात्यांचे डोळे गच्च मिटलेले.

"मामंजी," ती म्हणाली, "मी अजून स्टिअरिंगला हात लावला न्हाय."