रिकामं ताट आणि दोन नंबरचा मुलगा

बोर्डीतल्या आमच्या चिकूच्या शेडमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. ढिगातल्या चिकूंसारखे आपोआप पिकतात! यंदा तर चक्क साहित्य पिकलं.

रमावहिनींची सून नयना बारावीच्या मराठीत दोनदा आपटलेली. अंगणवाडीत जागा निघाली होती, पण बारावी पास हवी. म्हणून रिटायर झालेले नाना मास्तर रोज संध्याकाळी शेडमध्येच तिला शिकवू लागले. आम्ही चिकू निवडत ऐकायचो. मी सातवी नापास, म्हणजे सगळ्यात जास्त मतं माझी!

पुस्तकातली कथा 'रिकामं ताट', जुनी, नावाजलेली. एक म्हातारी परगावी गेलेल्या मुलासाठी रोज ताट वाढून वाट बघते. तो येत नाही. खलास!

रमावहिनी म्हणाल्या, "येडी आहे म्हातारी! तो भात कोंबड्यांना घातला असता तर अंडी तरी मिळाली असती!"

*

मास्तरांनी विचारलं, "मुलाचं स्वभावचित्र सांगा."

टेम्पोवाला बबन हातातला चिकू दाबत म्हणाला, "दोन नंबरचा माल. वरून गुळगुळीत, आत कडक. वेगळ्या खोक्यात टाका!"

नयनाने ते लिहूनही घेतलं.

*

"अतिशयोक्तीचं उदाहरण?"

"व्यापारी आमच्या मालाला नावं ठेवतो ती," बबन म्हणाला.

"आणि तू त्याच मालाची स्तुती करतोस ती?"

"ती वस्तुस्थिती, मास्तर!"

*

एकदा मास्तर चष्मा विसरले. मला म्हणाले, "तू वाच." मी वाचलं आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडलं, "इतक्यात मांजराने ताटातला बोंबील पळवला."

मास्तर डोळे मिटून म्हणाले, "वा! हे मांजर म्हणजे नियती!" पुढे अर्धा तास नियतीच!

परीक्षेला निघालेल्या नयनाला मी घाबरत म्हटलं, "बाई, मांजर लिहू नकोस हां!"

"काका, ते मी त्याच दिवशी खोडलं. मास्तरांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना."

*

निकालाच्या दिवशी गावात रेंज गायब. नयना सकाळीच तलासरीला निकाल बघायला गेली. दुपार टळली तरी पत्ता नाही.

आम्ही सगळे वहिनींच्या अंगणात जमलो. ओट्यावर झाकलेलं ताट. भोवती कोंबड्या. आणि काठी घेऊन त्यांना हाकलणाऱ्या रमावहिनी!

मी म्हटलं, "वहिनी, अंडी..."

"गप बसा!"

तेवढ्यात नयना फाटकातून धावत आली. "आई, पास!"

मास्तरांना राहवेना. "शाब्बास! आता सांग, हे ताट कशाचं प्रतीक?"

"प्रतीक गेलं खड्ड्यात! पोर सकाळपासून उपाशी आहे!" वहिनी ओरडल्या. नयनाला हाताला धरून ताटावर बसवलं, आणि आत जाऊन स्वतःसाठी दुसरं ताट घेऊन आल्या.