टोपलीभर आग

कामावर सगळे त्याला टपटप म्हणत. इमारतींच्या छताखाली आग विझवणाऱ्या पाण्याच्या पाइपांची जाळी बसवणं हा त्याचा धंदा, आणि त्या जाळीतून नको तिथे एक थेंबही गळू न देणं हे त्याचं खूळ. पाइपात पाणी भरून दाब चढवला की दोन तास दाब दाखवणारा काटा हलता कामा नये, असा नियम. बाकीचे फिटर काट्यावर एक नजर टाकून चहाला सटकत. हा रंगाचा डबा पालथा घालून काट्यासमोर ठाण मांडून बसे. मग वर्तमानपत्राचा कोरडा कपटा प्रत्येक जोडावर फिरवायचा. कपट्यावर ठिपका उमटला की जोड पुन्हा उघडायचा, मालक कितीही कावला तरी.

कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की लोक हमखास विचारत, "काय हो, एक काडी पेटवली की सगळ्या इमारतीत पाऊस पडतो म्हणे?" तो बिचारा समजावत बसे. पाइपावरच्या प्रत्येक तोटीत काचेची बोटभर नळी असते, जिच्याजवळ आग असेल तिचीच नळी तडकते, तेवढीच तोटी उघडते. लोक माना डोलवत. त्यांना पावसाचीच गोष्ट जास्त आवडे.

हे सगळं तो शिकला दादामुळे. वडील गेले तेव्हा दादा अठराचा. त्याने कॉलेज सोडून कापडाचं दुकान गळ्यात घेतलं आणि धाकट्याला डिप्लोमा करायला लावला. दादाने हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून धाकट्याला ते जास्तच जड वाटे. पुढे दादाने नवं दुकान बांधलं, वर माळा काढला. कायद्याने तिथे पाइपांची सक्ती नव्हती, पण टपटप हट्टाला पेटला. "सगळीकडे कापड, वरून उतरायला एकच जिना. दादा, मी गावभर बसवत फिरतो आणि तुझ्याकडे नको?"

"तुझी हौस," दादा म्हणाला.

टपटपने घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा काढला आणि सुट्टीचे सगळे दिवस घालवून स्वतःच्या हाताने पाइप चढवले. पाणी बंद करायचं चाक मागच्या दाराशी होतं. ते त्याने दादाला फिरवून दाखवलं, एकदा नव्हे, तीनदा. वर पाटी लावली: इथे माल ठेवू नये. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जाई, पाटीखालचे गठ्ठे हलवायला लावी, आणि त्याची पाठ वळली की गठ्ठे परत जागेवर.

नवव्या वर्षी एका दुपारी जिन्याखाली इस्त्री चालू ठेवून नोकर जेवायला गेला. टेबलावरचं कापड पेटलं, शेजारची चिंध्यांची टोपली पेटली, आणि वरची तोटी फुटली. माळ्यावर दादाचा मुलगा जेवून घोरत होता. आग दोन मिनिटांत विझली. पाणी मात्र चालूच राहिलं.

"तुझं पाणी बंद कर आधी!" दादा फोनवर ओरडला.

"मागच्या दाराचं चाक फिरव ना."

"तिथे गठ्ठे आहेत रे! खालून भिजलेत, चौघांना हलत नाहीत!"

टपटप शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पोहोचेपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती, आणि दुकानातल्या घोटाभर पाण्यात कापडांचे रंग उतरले होते. दारात बघ्यांची ही गर्दी. जळालं होतं एक टेबल आणि एक टोपली.

"एवढ्याशा आगीला एवढं पाणी?" शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणाला. "बादलीने विझली असती."

ती एवढीशी राहिली तीच मुळी पाण्यामुळे, हे टपटपने दोनदा सांगून पाहिलं. पण न पसरलेली आग दाखवणार कशी? पाणी तर जो तो चपला हातात घेऊन बघत होता.

"त्यापेक्षा जळालं असतं तर बरं," दादा सगळ्यांदेखत म्हणाला. "जळालेल्याची लोकांना दया येते. भिजलेल्याला हसतात."

मुलगा शेजारीच डोळे चोळत उभा होता. टपटपच्या तोंडून निघून गेलं, "आणि हा वर होता, त्याचं काय?"

दादाने पाठ फिरवली. त्यानंतर सात महिने चकार शब्द नाही. खापर भावावर फोडणं सोपं होतं. गठ्ठ्यांवर फोडायला गेला असता तर ते दादाच्याच डोक्यावर फुटलं असतं. इकडे टपटपचं कामात लक्ष लागेना. खिशातला फोन वाजला की वाटे, दादाच. तो कधीच नसे.

शेवटी वहिनी आली. "काढून टाका ते पाइप, भाऊजी. हे दिवसभर छताकडे बघत बसतात. नवा माल भरायचा धीर होत नाही त्यांना."

"वहिनी, पोरगा वर होता त्या दिवशी."

"माहितीय मला." तिने चष्मा काढून पुसला. "पण उतरला असता हो तो. आली असती जाग."

पोराची आईच असं म्हणाली तेव्हा त्याने हात टेकले. त्याला दादाचा आला नव्हता एवढा तिचा राग आला, आणि तरी तो हो म्हणाला, कारण त्याला दादा हवा होता.

दुसऱ्या कुणी छताची वाट लावली असती, म्हणून काढायलाही तो स्वतःच गेला. पाणी सोडून दिलं, तोट्या एकेक करून उतरवल्या. दादा गल्ल्यावर बसून बघत होता. शेवटचा पाइप खाली आला तसा तो म्हणाला, "जेवून जा."

सात महिन्यांनी दोन शब्द. दोघे समोरासमोर डबे उघडून बसले. दादाने आपल्यातली भाजी त्याच्या पुढ्यात वाढली, लहानपणी वाढायचा तशी. स्वतःची लाज वाटावी इतका तो सुखावला. पुतण्या हात धुऊन माळ्यावर झोपायला गेला.

"आता पार वरपर्यंत माल लागेल," दादा छताकडे बघून खुशीत म्हणाला. नवे गठ्ठे दारात येऊन पडलेच होते, आणि थर लावायचा होता जिन्यालगत. त्या थराने जिन्याची अर्धी वाट अडणार, हे टपटपला न मोजता कळत होतं. तो तोंड उघडणार तोच दादा वाकला.

"ये, तिकडून धर."

त्याने धरलं.